डाव अडतो कोठे?

पूर्वीच्या घरांना माळा असे. शिडी लावून वर चढले की तांब्यापितळेची भांडी, रुखवतातली मोडकी आरास, कुणाच्या तरी मॅट्रिकच्या वह्या आणि मागल्या पिढीतला एखादा पाळणा अशी सारी गृहसंपत्ती तेथे धूळ खात सुखाने नांदत असे. फ्लॅटमध्ये माळा गेला, पण माळ्याची गरज काही गेली नाही. म्हणून हल्ली कित्येक घरांत टीव्हीच्या मागे किंवा पुस्तकांच्या कपाटात एक काळी पेटी बसलेली दिसते. आकाराने जेवणाच्या डब्याहून फारशी मोठी नाही. आत दोन डिस्क, मागे दोन तारा आणि पुढे एक लुकलुकणारा दिवा. हिलाच घरचा सर्व्हर म्हणतात. मुंजीचे फोटो, विम्याचे कागद, मुलांचे प्रकल्प, सारे काही या पेटीत ठेवायचे आणि घरातल्या कोणत्याही संगणकावरून हवे तेव्हा काढायचे. ठेवताना कधीच अडचण येत नाही. माळ्याचेही तसेच होते. अडचण येते ती काढताना.

आमच्या घरी या पेटीत खेळाच्या फाइली आहेत. खेळ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर बंदुकांचा धडधडाट आणि मोटारींच्या शर्यती उभ्या राहिल्या असतील, तर त्या कृपा करून बसवाव्यात. हा खेळ बुद्धिबळाचा, आणि फाइली आमच्या नानांच्या डावांच्या.

नाना म्हणजे माझे वडील. सारी हयात टपाल खात्यात गेली आणि त्यातली बरीच वर्षे सांगलीत. सांगलीला बुद्धिबळाची जुनी परंपरा आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तेथे १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले, आणि त्या गावात पटावर वाकून बसणे ही रिकामटेकडेपणाची खूण मानली जात नाही. नानांना तेथेच हा नाद लागला. समोर गडी नसेल तर ते पोस्टकार्डावर खेळत. एक चाल लिहून पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. प्रत्येक डाव वहीत टिपलेला असे. निवृत्तीनंतर संगणक हाती आला तेव्हा त्यांनी त्या वह्या एकेका बोटाने टंकायला घेतल्या आणि पुढे नातीशी खेळलेले डावही त्यांत घालत गेले. २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा त्या पेटीत त्यांचे ३८६ डाव होते.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या दिवसापासून आमच्या कन्येच्या अंगात पुन्हा बुद्धिबळ संचारले. तिने ठरवले की नानांचे सारे डाव एका प्रोग्राममध्ये एकत्र घ्यायचे आणि दिवाळीत रोज एक डाव माईंसमोर पटावर मांडायचा. माईंना, म्हणजे माझ्या आईला, चाली कळत नाहीत, आणि आता डोळ्यांनी नीट दिसतही नाही. पण कोण जिंकले, हे मात्र त्यांना कळायला हवे असते.

बेत सुरेख होता. फक्त डाव काही केल्या आत येईनात.

अशा वेळी घरातल्या तरुण मंडळींचा उपाय ठरलेला असतो. “बाबा, फाइली करप्ट झाल्या आहेत. सगळं पुसून पहिल्यापासून करू या,” असे चिरंजीव म्हणाले. मी त्यांना एवढेच म्हटले, “पुसायचे काम सर्वांत शेवटी. आधी पेटीतल्या सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेव.” या लेखातून वाचकांनी एकच गोष्ट घ्यायची म्हटले, तर ती हीच घ्यावी. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर. जुन्या पोथ्यांवर काम करणारी मंडळी हाच नियम पाळतात.

प्रत निघाली, आणि मग आम्ही शांतपणे शोध सुरू केला. घरोघरी अशा पेट्या आहेत आणि घरोघरी असे काहीतरी अडलेले आहे, म्हणून तो शोध क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न विचारायचा तो पत्त्याचा. चिरंजीवांनी सर्व्हरवरच्या फोल्डरला ‘झेड’ हे अक्षर देऊन ठेवले होते. विंडोजवर तशी सोय आहे. दूरच्या जागेला एक लाडके नाव द्यायचे आणि त्या नावाने हाक मारायची. संगणकाच्या खिडकीत झेड व्यवस्थित दिसत होता, आतल्या फाइलीही दिसत होत्या. बुद्धिबळाचा प्रोग्राम मात्र झेड नावाचे काहीच नाही म्हणून सांगत होता. एकाच संगणकावर एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, हे भुताटकीसारखे वाटते. पण कारण अगदी सरळ आहे. चिरंजीव तो प्रोग्राम ‘व्यवस्थापक म्हणून चालवा’ असे सांगून उघडत होते. २००७ साली घरोघरी आलेल्या व्हिस्टापासून विंडोज व्यवस्थापकाच्या दोन ओळखी वेगळ्या ठेवते, एक रोजची आणि एक अधिकाराची. रोजच्या ओळखीने दिलेले अक्षर अधिकाराच्या ओळखीला ठाऊक नसते. घरात ज्याला सगळे ‘बाळू’ म्हणतात, त्याला कचेरीत कोणी बाळू म्हणून ओळखत नाही, त्यातलाच हा प्रकार. हा व्यवहार मुद्दाम ठेवलेला आहे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने शहाणपणाचाही आहे.

यावर उपाय दोन. प्रोग्राम साध्या ओळखीने उघडावा. बुद्धिबळाला व्यवस्थापकाचे अधिकार लागतच नाहीत. किंवा लाडके नाव सोडून पूर्ण पत्ता लिहावा: आरंभी दोन उलट्या तिरप्या रेघा, मग सर्व्हरचे नाव, पुन्हा एक उलटी तिरपी रेघ आणि मग फोल्डरचे नाव. नाना असते तर म्हणाले असते, पाकिटावर पूर्ण पत्ता लिहिला की पत्र पोचते.

पत्त्यात आणखी एक फसगत असते. काही जण सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आकडी पत्ता लिहून ठेवतात. हे आकडे घरातला राउटर वाटतो, आणि वीज जाऊन आली की तो एखादे वेळी वेगळा आकडा देतो. काल चाललेला पत्ता आज चालत नाही. राउटरमध्ये त्या पेटीसाठी एक आकडा कायमचा राखून ठेवला की ही भटकंती थांबते.

दुसरा प्रश्न परवानगीचा. पेटी सापडली तरी ती आत घेईल असे नाही. पूर्वी या पेट्या येईल त्याला पाहुणा म्हणून आत सोडत. नाव नको, परवलीचा शब्द नको. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवाने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. तो फाइलींची देवघेव करणाऱ्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतून शिरला होता. त्यानंतर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० ची नवी मांडणी करताना ती जुनी आवृत्ती आपोआप बसवणे बंद झाले. पुढे २०२४ मध्ये विंडोज ११ ची जी सुधारित आवृत्ती आली, तिच्या प्रो प्रकारात पाहुण्याला दार बंद झाले आणि देवघेवीवर सही सक्तीची झाली. म्हणून ‘जुन्या संगणकावर चालायचं, नव्यावर चालत नाही’ ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. त्यावर नव्या संगणकाची कुलुपे काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. पेटीवर प्रत्येकाच्या नावाचे खाते उघडावे, परवलीचा शब्द द्यावा आणि त्या नावाने आत जावे. आमच्याकडे सौभाग्यवतींनी हे काम हाती घेतले आणि सर्वांना शब्द नेमून दिले. माईंनाही एक मिळाला. त्यांनी तो लगेच शेजारणीला सांगितला, हा भाग निराळा.

आता पत्ता बरोबर, परवानगीही मिळाली. तरी प्रोग्राम अडतो. येथे मी वाचकांना एक युक्ती सांगतो, तिच्यामुळे निम्मे श्रम वाचतात. पेटीतली एक फाइल उचलून आपल्या संगणकावर, अगदी समोरच्या पडद्यावर आणून ठेवावी आणि तेथून आत घेऊन पाहावी. ती घेतली गेली, तर दोष वाटेत आहे. फाइल निर्दोष आहे. तेथेही अडली, तर वाटेचा नाद सोडावा. दोष फाइलीत आहे. दोन्ही टोकांना एकदम हात घालणारे पुष्कळ आहेत. ते रात्रभर राउटर बंदचालू करतात आणि सकाळी राउटरलाच शिव्या देतात. शिवाय काही प्रोग्राम फाइलीच्या शेजारी आपली सूची लिहू पाहतात. पेटीवर लिहिण्याची मुभा नसेल तर तेथे ते अडतात आणि समोरच्या पडद्यावर मुकाट चालतात. म्हणून एरवीही भाजी आधी घरात आणावी आणि मग चिरावी.

ही युक्ती केली तेव्हा आमचे दोन दोष उघडे पडले, आणि दोन्ही नावातले होते.

एक फाइल प्रोग्रामच्या यादीत दिसतच नव्हती. खिडकीत तिचे नाव ‘पीजीएन’ या शेपटाने संपत होते आणि सारे ठीक वाटत होते. पण विंडोज ओळखीच्या शेपट्या आपण सांगितल्याशिवाय दाखवत नाही. दाखवायला सांगितले, तेव्हा ‘पीजीएन’च्या मागे आणखी एक ‘टीएक्सटी’ लपलेले सापडले. नोटपॅडमध्ये फाइल ठेवताना हे सहज घडते. ते कापले आणि फाइल दिसू लागली. तिच्यात तीन डाव होते. त्या तीन डावांकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

दुसरा दोष मात्र मराठीच्या माणसाला अंतर्मुख करणारा होता. पेटीत ‘दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचे डाव’ या नावाचे फोल्डर एक सोडून दोन होते. अक्षर न् अक्षर सारखे. एकात एकेचाळीस डाव आणि दुसरे रिकामे, आणि प्रोग्राम नेमका रिकाम्यात डोकावत होता. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहूच शकत नाहीत, असे चिरंजीव म्हणाले, आणि ते बरोबरच होते. नावे एक नव्हतीच. गोम होती ‘दुसऱ्या’ या शब्दातल्या ‘ऱ्या’मध्ये.

संगणक अक्षर ठेवतो ते आकड्याच्या रूपात, आणि सर्व भाषांच्या अक्षरांना असे आकडे नेमून देणारी युनिकोड ही जागतिक व्यवस्था आहे. तिच्यात आपला हा ‘ऱ’ एकसंध अक्षर म्हणून आहे. पण तोच ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन तुकड्यांनीही लिहिता येतो. ‘ऱ्या’ टंकण्याची तर आणखी तिसरी रीत आहे: साधा ‘र’, त्याला हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. कागदावर तिन्ही एकच दिसतात. पेटीच्या लेखी ती तीन वेगळी नावे. काही संगणक अशी अक्षरे नावात तोडून ठेवतात, काही जशीच्या तशी. यांतल्या बऱ्याच पेट्या आतून लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स नावांकडे केवळ आकड्यांची रांग म्हणून पाहतो. नाना दोन वेगवेगळ्या संगणकांवर टंकत असत, त्यामुळे एका नावाची दोन घरे झाली. वर्गात ‘ऱ’ आणि ‘र्‍हस्वदीर्घ’ यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्यासारख्याला, हे व्याकरण फोल्डरातही आडवे येते, हे पाहून एक प्रकारचे समाधानच वाटले.

आणखी एक हिशेब येथेच सांगून टाकतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि मात्रा व हलन्त हीही वेगळी चिन्हे. नुसत्या ‘स्त्री’ या शब्दाला सहा चिन्हे म्हणजे अठरा बाइट लागतात. एकूण पंच्याऐंशी चिन्हांत नाव संपवावे लागते. हौसेने पूर्ण वाक्येच्या वाक्ये फोल्डरला नाव म्हणून देणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. नावे आटोपशीर असावीत, आणि वर्ष आकड्यांनी घालावे; मग सारे आपोआप ओळीने लागते.

इतके झाल्यावर प्रोग्रामने सर्व फाइली घेतल्या आणि निकाल जाहीर केला: ३४९ डाव घेतले, ३७ नाकारले. आणि खाली एक चौकोन दाखवला, ‘चुका वगळून पुढे जा’.

घरात आनंद झाला. चिरंजीवांचे बोट त्या चौकोनाकडे निघालेही होते. कन्येने त्यांचा हात धरला. “दादा, वगळून म्हणजे काय वगळून? आधी ते तर बघू.”

या एका प्रश्नाचे मोल पुढे कळले.

डाव ज्या रूपात ठेवतात, त्या पीजीएन पद्धतीची आखणी स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये केली. पद्धत साधी आणि गुणी आहे. ती नुसती लिहिलेली अक्षरे आहेत, म्हणून कोणीही उघडून वाचू शकतो. आरंभी चौकटी कंसांत सात गोष्टी: स्पर्धा, स्थळ, दिनांक, फेरी, पांढरे मोहरे कोणाचे, काळे कोणाचे आणि निकाल. मग एक कोरी ओळ आणि मग चाली. मोहऱ्यांची अक्षरे इंग्रजी. राजाने ‘के’ घेतल्यामुळे घोड्याच्या वाट्याला ‘एन’ आला आहे. किल्लेकोटासाठी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर लिहायचे, शून्य नव्हे. आता जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमपुस्तकात किल्लेकोट शून्यांनीच लिहितात, आणि मोहऱ्यांची नावे आपापल्या भाषेत लिहिण्याची खेळाडूला मुभा आहे. म्हणजे ‘घो’, ‘उं’ आणि ‘ह’ लिहिणारा माणूस पटावर बिनचूक असतो आणि पीजीएनमध्ये अडतो. आमचा प्रोग्राम शून्ये चालवून घेणारा निघाला, पण मराठी अक्षरे नाही. अडलेल्या सदतीसपैकी सहा डाव या कारणाने अडले होते. ते सरळ बदलले.

उरले एकतीस. ते उघडले आणि आम्ही सारे पडद्यासमोर गप्प झालो.

पीजीएनमध्ये तीन कंसांना तीन कामे आहेत. चौकटी कंसात डावाची ओळख. महिरपी कंसात शेरा. साध्या कंसात पर्यायी चाल, म्हणजे ‘असे न खेळता तसे खेळले असते तर’. नानांनी आपले शेरे साध्या कंसात लिहिले होते. मराठीत मनातली गोष्ट मध्येच सांगायची तर साधा कंसच वापरतात. माझ्या विषयापुरते बोलायचे तर नाना शंभर टक्के बरोबर होते. प्रोग्राम मात्र कंस उघडताच पुढे चाल येणार म्हणून वाट पाहायचा आणि समोर येई मराठी वाक्य. तो तेथेच थांबे. ‘चुका वगळून’ म्हटले असते, तर त्याने चाली घेतल्या असत्या आणि नानांचे शब्द टाकून दिले असते. यादीत ३८६ चा आकडा झळकला असता, आणि काही गेले आहे हे आम्हांला कधी कळलेही नसते.

काय होते त्या शेऱ्यांत? एका डावात लिहिले होते: “पोस्टकार्ड सोळा दिवसांनी आले. तोवर मीच माझा बेत विसरलो.” दुसरीकडे: “माई म्हणतात, चहा गार झाला. बरोबरी मान्य केली.” एके ठिकाणी नुसतेच: “आज पाऊस.”

दुरुस्ती करताना सारे साधे कंस एका झटक्यात महिरपी करून टाकावेत असा मोह झाला. तसे करता येत नव्हते, कारण काही कंसांत खरोखरच पर्यायी चाली होत्या. शेवटी कन्येने एक खूण शोधली. कंसात देवनागरी असेल तर तो शेरा, निव्वळ रोमन अक्षरे आणि आकडे असतील तर ती चाल, आणि दोन्ही असतील तर साधा कंस तसाच ठेवून आतल्या मराठीपुरता महिरपी कंस घालायचा. महिरपीच्या आत महिरपी मात्र चालत नाही. एकतीस डाव होते. दोघा भावंडांनी दोन रात्री बसून एकेक करून हाताने केले. एक वाचायचा, एक बदलायचा.

आता त्या तीन डावांविषयी. शेपूट लपवून बसलेली जी फाइल सापडली होती, तिच्यातही शेरे होते. पण शब्दांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग. येथे एक भेद सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन ‘ए’ आणि इतर विचित्र चिन्हे रांगेने दिसली, तर घाबरू नये. मजकूर शाबूत आहे, तो चुकीच्या लिपीव्यवस्थेने वाचला जात आहे. ‘यूटीएफ-८’ निवडले की मराठी परत येते. पण प्रश्नचिन्हे दिसली, तर मजकूर गेला. नोटपॅडमध्ये २०१९ पूर्वी फाइल आपोआप ‘आन्सी’ नावाच्या जुन्या पद्धतीने ठेवली जाई. त्या पद्धतीत देवनागरीला जागा नव्हती, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसे. ती फाइल होती २०१६ ची. तिच्यातून मूळ शब्द जगातला कोणताही प्रोग्राम परत आणू शकत नाही.

ते आणले माईंनी. नानांच्या वह्या त्यांनी स्वतःच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवल्या होत्या. त्या पेटीला तार नाही, परवलीचा शब्द नाही. तिन्ही डाव निघाले आणि समासातले शेरेही निघाले. घरच्या सर्व्हरचे सारे गुण मान्य करूनही मी म्हणेन की मूळ वही फेकू नये.

शेवटी ताळा पाहायचा राहिला. वाण्याची गोळाबेरीज आपण पुन्हा जुळवून पाहतो, तसेच हे. फाइली आणि डाव दोन्ही मोजावेत. आणि पाच-दहा डाव कोठूनही उघडून पहिली चाल, शेवटची चाल, निकाल आणि शेरा पाहावा. प्रतींचा ताळा घेण्यासाठी प्रत्येक फाइलीतून गणिताने एक आकडा काढणारे मोफत प्रोग्राम आहेत. दोन फाइलींचे असे आकडे जुळले, तर त्या अक्षरशः एक मानायला हरकत नाही. आणि दुरुस्त केलेला संग्रह पेटीत ठेवल्यावर त्याची एक प्रत घराबाहेर, बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवावी. पेटीत दोन डिस्क आहेत म्हणून निश्चिंत राहू नये. एक बिघडली तर दुसरी तारते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदम पुसली जाते.

आमचा ताळा जुळला. ३८६ पैकी ३८६. त्यांतल्या एका डावाची हकीकत सांगून थांबतो.

आमच्या कन्येने नानांना प्रथम हरवले ते ती नऊ वर्षांची असताना. तेव्हा घरात पेढे वाटले होते. पण पुढे जरा कळू लागल्यावर तिच्या मनात एक शंका बसली. नानांनी मुद्दाम हत्ती सोडला असावा, असे तिला वाटे. नाना तिला कधी सांगत नसत. विचारले की नुसते हसत. नाना गेल्यावर तो प्रश्न तसाच राहिला. तो डाव त्या एकतीसांत होता. सव्विसाव्या चालीपुढे साध्या कंसात लिहिले होते: “हा हत्ती मी सोडला नाही. मला दिसलाच नाही. हिने खरोखर घेतला. आज मी हरलो.”

कन्येने तो डाव माईंना वाचून दाखवला. माईंनी नेहमीप्रमाणे विचारले, “कोण जिंकलं?”

“मी,” ती म्हणाली.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे आणि तिच्यातले काही अडले आहे, त्यांना दिवाळीच्या सुट्टीत एवढेच सुचवावेसे वाटते. पत्ता तपासा, परवानगी तपासा, नाव तपासा आणि मग आतले शब्द तपासा. क्रम सोडू नका. आणि ‘चुका वगळून पुढे जा’ असा चौकोन समोर आला, तर आधी त्या चुका उघडून वाचा. त्यांतल्या काही चुका मुळी चुका नसतात.